बघायचं काम

खोली बघायला गेले त्या दिवशी बाईंनी माझं नाव, गाव, विषय यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला वरच्या मजल्यावर नेलं, खिडकीपासून चार हात आत ठेवलेल्या लाकडी खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "थोडा वेळ बस." मी बसले. खोलीत बघण्यासारखं काही नव्हतं. एक पलंग, एक टेबल, भिंतीत एक खिळा. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी बाई परत येईनात. परक्या घरात उगाच इकडेतिकडे फिरू नये असं आईने सांगलीहून निघताना बजावलेलं होतं, म्हणून मी उठले नाही. शेवटी मान अवघडली म्हणून मागे वळून पाहिलं, तर बाई दाराच्या आत भिंतीला लागून उभ्या होत्या. त्या गेल्याच नव्हत्या.

"तू चालशील," त्या म्हणाल्या. "आधी आलेली मुलगी तीन मिनिटांत उठली."

ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेतली गोष्ट, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी रसायनशास्त्रात पीएचडी करायला आले होते आणि विद्यापीठाच्या बसच्या वाटेवर पडेल असं घर शोधत होते. मला गाडीतून घेऊन आलेली शैला खाली थांबली होती. ती मुंबईची, माझ्याआधी दोन वर्षं इथे आलेली, नवऱ्याबरोबर विद्यापीठाच्या अपार्टमेंटमध्ये राहायची. परत जाताना ती म्हणाली की यार, मला हे घर काही ठीक वाटत नाही, आपण अजून दोन जागा बघू. पण मला ती शांतता आवडली होती. शिवाय एक गोष्ट मी शैलाला सांगितली नाही. पाठीमागे कोणीतरी वीस मिनिटं उभं आहे हे न कळल्याची मला लाज वाटत होती.

बाई साठीला टेकलेल्या, बुटक्या, हाडापेराने मजबूत. पांढरे केस कानापाशी कापलेले. डाव्या पायाची तीन बोटं नव्हती, तरी चालताना आवाज म्हणून यायचा नाही. जिन्याची पाचवी पायरी माझ्या पायाखाली रोज करकरायची. त्यांच्या पायाखाली कधी करकरली नाही. त्या मूळच्या रशियाकडच्या एका खेड्यातल्या, एवढंच मला सुरुवातीला ठाऊक होतं. नवरा पोलंडचा, बेकरीत काम करायचा, तो वारून काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एका लाँड्रीच्या दुकानासाठी त्या घरबसल्या कपडे दुरुस्त करून द्यायच्या. त्या वयातही चष्म्याशिवाय सुईत दोरा एका फटक्यात ओवायच्या. माझ्या चार साड्यांना त्यांनी इतक्या बारीक टाक्यांचे फॉल लावून दिले होते की पुढे पुण्यातल्या माझ्या शिंपिणीने ते कोणाच्या हातचे म्हणून विचारलं.

त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं पुस्तकी. मधल्यामध्ये आमचं बरं चालायचं. पहिल्या महिन्यात मी त्यांना मिसेस अमुक म्हणायचे. मग एकदा त्यांनी विचारलं, तुमच्याकडे म्हाताऱ्या बाईला काय म्हणतात. मी म्हटलं, मावशी, म्हणजे आईची बहीण. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिला आणि तेव्हापासून त्या मावशी झाल्या.

घराचे नियम त्यांनी कागदावर लिहून दिले नव्हते. चूक झाली की एकेक कळत गेले. दिवा लावायच्या आधी पडदा ओढायचा. दाराच्या चौकटीत उभं राहून बोलायचं नाही, आत यायचं किंवा बाहेर जायचं. एकाच खिडकीतून दोनदा बाहेर बघायचं नाही. मी आईने दिलेले स्टीलचे डबे, वाट्या, तांब्या सगळं घासून स्वयंपाकघरातल्या खिडकीत पालथं घातलं होतं. मावशी बाहेरून आल्या, त्यांनी त्या भांड्यांवर एक टॉवेल टाकला आणि खुर्चीत बसून राहिल्या. कपाळावर घाम आला होता. म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपासून दिसत होतं. काय दिसत होतं, असं मी विचारलं. "ते चमकणारं," त्या म्हणाल्या. "तुझं घर कुठे आहे ते तू सगळ्या जगाला सांगते आहेस."

त्या दिवसापासून माझी भांडी कपाटात गेली.

त्यांचं स्वस्थ बसणं मी दुसऱ्या कोणात पाहिलेलं नाही. आपल्याकडे ध्यानाला बसणारी माणसं मी पाहिली आहेत, तीही अधूनमधून अंग हलवतात, आवंढा गिळतात. मावशी मागच्या अंगणाकडे तोंड करून बसल्या की दोन-दोन तास त्यांच्या शरीरातलं काहीच हलायचं नाही. एकदा मी कपडे वाळत घालायला गेले, तर त्यांच्या गुडघ्यावर एक चिमणी बसलेली होती. मी दिसल्यावर ती उडाली. मावशी म्हणाल्या, तीन वेळा येऊन गेली. त्या स्वरात ना आनंद होता ना कौतुक. बस किती वाजता येते हे सांगावं तसं सांगितलं.

मात्र कावळा आला की त्या उठून घरात जायच्या. हातातलं शिवण तसंच टाकून.

त्यांचं पूर्वीचं काम मला कसं कळलं तेही सांगते. पहिल्या सप्टेंबरात समोरच्या घराला रंग देत होते. शिडीवर एक रंगारी होता, आम्ही दोघी पायरीवर शेंगा सोलत बसलो होतो. मावशी म्हणाल्या, याचा डावा खांदा दुखतोय, पण मुकादमाला कळू नये म्हणून उजव्या हाताने काम करतोय. आता तो उतरेल, पाणी पिईल, आणि गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसेल, कारण तिकडे त्याला कोणी बघणार नाही असं त्याला वाटतं. थोड्या वेळाने अगदी तसंच झालं. मी हसले आणि त्यांना हे कसं कळलं म्हणून विचारलं.

"लढाईत माझं तेच काम होतं," त्या म्हणाल्या. "बघायचं."

"बघायचं आणि?"

"आणि मग गोळी घालायची."

त्यांनी पुढची शेंग सोलली. माझ्या हातातली तशीच राहिली. रंगारी गाडीमागे बसून खांदा चोळत होता. आम्हाला तो दिसत होता, त्याला आम्ही दिसत नव्हतो, आणि हे एकदम फार वाईट वाटायला लागलं.

मी त्यांना कधी आकडा विचारला नाही. शैलाचा नवरा विचारायचा, किती मारले गं तुझ्या म्हातारीने, आणि मला त्याचा राग यायचा. मावशी स्वतःहून थोडं थोडं सांगायच्या, तेही हातात काम असताना. दुसऱ्या महायुद्धात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्या गावातून लढाईवर गेल्या. बरोबर शेजारच्या घरातली नीना. दोघी एकाच सकाळी, एकाच घोडागाडीतून. मुलींना नेम शिकवायची एक शाळा होती, तिथे दोघींना जोडी करून दिली. एकीने दुर्बिणीतून बघायचं, एकीने बंदुकीवर राहायचं, डोळे थकले की अदलाबदल. अंगावर पांढरा अंगरखा. थंडीत श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तोंडात बर्फ धरायचा. पहाटे अंधारात जागेवर जायचं आणि पुन्हा अंधार पडेपर्यंत हलायचं नाही. शत्रूकडेही असंच काम करणारा कोणीतरी असायचा. तो आपल्याला शोधत असायचा.

"दोन दिवस बघितलं की माणूस कळतो," त्या म्हणायच्या. "कोणाचा दात दुखतो, कोणाला पत्र आलं, कोणाला आलं नाही. त्याच्या आईला कळणार नाही इतकं मला कळायचं."

हे ऐकून मी वर जायचे आणि पडदा नीट ओढला आहे ना ते बघायचे.

आता मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, कारण त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

दुसऱ्या वर्षी माझी क्वालिफायिंग परीक्षा होती. ती पास झाल्याशिवाय पुढे पीएचडी करता येत नाही. मी पास झाले. शैलाने समोसे केले, दहा-बाराजण जमले, आम्ही मोठ्याने गाणी म्हटली. त्यानंतर चार दिवसांनी दादाचं पत्र आलं. बाबा गेले होते. माझ्या परीक्षेच्या आधी तीन आठवडे गेले होते. तिला परीक्षा होईपर्यंत कळवायचं नाही असं आईनेच ठरवलं होतं. दादाने लिहिलं होतं की फार त्रास झाला नाही, सगळं रीतसर झालं, दहाव्याला कावळा लगेच शिवला, तू काळजी करू नकोस, अभ्यास कर.

सुतक फिटून गेलं होतं. तेराव्याचं गोडाचं जेवण होऊन गेलं होतं. ज्या दिवशी आमच्या घरी बाबांचा दहावा चालला होता त्या दिवशी मी लॅबमध्ये कोणाच्या तरी विनोदावर पोट धरून हसले होते, आणि तो विनोदही मला आठवत होता. मला रडू आलं नाही. रडायला उशीर झाला आहे असं वाटत होतं. जणू सगळे रडून घरी गेले आणि मी रिकाम्या मांडवात पोचले.

मी रोज लॅबमध्ये जात होते. सगळ्यांशी नीट बोलत होते. शैला म्हणाली, तू खूप स्ट्राँग आहेस गं. मी ग्रंथालयाची पुस्तकं परत केली. प्रेशर कुकर शैलाला दिला, तुमचा लहान आहे म्हणून. हिवाळ्याचा चांगला कोट लॅबमधल्या एका नव्या मुलीला घरी बोलावून दिला. टेबलाचे खण आवरले. मी काय करणार होते ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला स्वतःलाच ते तेव्हा ठाऊक नव्हतं. एवढंच आठवतं की आता फार काही उरलेलं नाही, असं एक हलकं, बरं वाटत होतं.

मार्चमधला शनिवार होता. अंगणात कुंपणाच्या सावलीत थोडा बर्फ शिल्लक होता, बाकी मागच्या वर्षीचा पालापाचोळा. दुपारचे दोन-तीन वाजले असतील. मी खिडकीशी आले. कुंपणाजवळच्या झुडपाखाली पाल्याचा एक लांबट ढीग होता. हा ढीग काल इथे होता का, असा विचार माझ्या मनात आला. मी त्याच्याकडे बघत राहिले. कितीतरी वेळ तो नुसता पाल्याचा ढीगच होता. मग मला त्यात डोळे दिसले.

ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघते आहे हे कळल्यावरही ते हलले नाहीत.

मी किंचाळले नाही. मी जमिनीवर बसले, खिडकीच्या खाली, जिथे मी दिसणार नाही अशा जागी. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग दारावर टकटक झाली. जिना चढल्याचा आवाज अर्थातच आला नव्हता. मावशी आत आल्या. अंगावर जुनी तपकिरी गोधडी, तिला टाके घालून पाला शिवलेला. ते टाके माझ्या साड्यांच्या फॉलसारखेच बारीक होते. ओठ निळे पडले होते.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"मंगळवारपासून," त्या म्हणाल्या.

आणि मग त्यांनी मला माझे पाच दिवस सांगितले. मंगळवारी तू कंगवा हातात धरून बसलीस, केस विंचरले नाहीस. बुधवारी निळं कापड तीनदा घडी करून तीनदा उलगडलंस. गुरुवारी ताट वर आणलंस आणि तसंच खाली नेलंस. कोट दिलास तेव्हा तुला थंडी वाजत होती आणि तू हसत होतीस. काल तू टेबलावरची आईची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवलीस.

यातलं शेवटचं मला आठवतही नव्हतं. मी मान वळवून पाहिलं. तसबीर भिंतीकडे वळवलेली होती.

मला इतका संताप आला की बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच अंगात ऊब आली. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला हे करायचा काही अधिकार नाही. दार होतं, दारावर टकटक करायची होती, विचारायचं होतं.

"विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आपण एकटे आहोत असं वाटतं तेव्हाच माणूस खरा दिसतो."

मी शैलाला फोन केला. ती म्हणाली, तू बॅग भर, आम्ही तासाभरात निघतो, यार ही बाई क्रीपी आहे, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मी बॅग भरली. भरायला फारसं काही नव्हतंच, आणि ते तेव्हा प्रथम माझ्या लक्षात आलं.

बॅग घेऊन खाली आले तर मावशी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. गोधडी अजून अंगावर होती. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मी बसले नाही, पण गेलेही नाही. मग त्यांनी नीनाचं सांगितलं. यापूर्वी त्यांनी नीनाचं गावातून निघणं सांगितलं होतं, शाळा सांगितली होती, मरण सांगितलं नव्हतं.

तो त्यांचा दुसरा हिवाळा होता. नीना हसरी, बडबडी. जागेवर असताना बोलता येत नाही याचाच तिला खरा त्रास. एका आठवड्यात तिने आपल्या वस्तू वाटायला सुरुवात केली. साखरेचा खडा स्वयंपाक्याला दिला. आरसा एका नर्सला. लोकरीचे मोजे मावशींना. "मला आनंद झाला," मावशी म्हणाल्या. "माझे फाटले होते. मी तिला विचारलंसुद्धा नाही, तू काय घालशील."

तीन दिवस त्या दोघी शत्रूच्या एका नेमबाजाला शोधत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, बर्फात शेजारी शेजारी पडलेल्या असताना नीना साध्या आवाजात म्हणाली, मी जरा पाय मोकळे करून येते. आणि उभी राहिली. तिने अंगावरचा बर्फ झटकला. चार पावलं चालली. मग एक आवाज आला.

मावशींनी गोधडीवरचं एक पान तोडून टेबलावर ठेवलं.

"मी समोर बघत होते. तीन दिवस मी त्या माणसाला शोधत होते. तो कधी खातो, कधी कूस बदलतो, सगळं मी शोधत होते. आणि तो नीनाकडे बघत असणार. तिने खाणं सोडलंय हे त्याला दिसलं असणार. ती उठणार हे मला कळायच्या आधी त्याला कळलं असणार." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ती माझ्या कोपरापाशी पडली होती. इथे. मी एकदाही मान वळवून बघितलं नाही."

पुढचं त्यांनी थोडक्यात उरकलं. जागा उघडी पडली, तोफगोळे आले, त्या जखमी झाल्या. बंदूक बर्फात पुरली. नेमबाज मुलगी हाती लागली तर जिवंत ठेवत नाहीत हे ठाऊक होतं, म्हणून पकडल्यावर आपण स्वयंपाकीण आहोत असं सांगितलं. कैद, जर्मनीतली शेतं, मग युद्धानंतरची निर्वासितांची छावणी, तिथे भेटलेला बेकरीवाला, बोट, न्यू जर्सी. युद्ध संपल्यावर परत का गेला नाहीत, असं मी विचारलं. कैदेतून परत येणाऱ्यांची तिकडे चौकशी व्हायची, हे एक कारण त्यांनी सांगितलं. दुसरं असं की नीनाची आई शेजारच्या घरात राहत होती, आणि ती कुंपणाशी येऊन विचारणार होती.

बाहेर शैलाच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी बाहेर गेले. शैलाने डिकी उघडली होती. मी तिला म्हटलं, मला आज तुझ्याकडे जेवायला यायचं आहे, खूप भूक लागली आहे, आणि उद्या मला इथे परत सोड. तिने माझ्याकडे बघितलं आणि डिकी बंद केली. तिच्याकडे वरणभात खाताना मी रडायला लागले ते मध्यरात्र उलटेपर्यंत थांबले नाही. तिने माझ्या आईला फोन लावून दिला. आई पलीकडे आणि मी इकडे, दोघी काही न बोलता रडत होतो. शैलाचा नवरा आत जाऊन माझ्यासाठी पुन्हा भात लावत होता. दुसऱ्या दिवशी तिने मला प्रेशर कुकरसकट परत आणून सोडलं.

त्यानंतर मी त्या घरात आणखी चार वर्षं राहिले. मावशींनी मला पुन्हा तसं पाहिलं की नाही, ते मला ठाऊक नाही. कदाचित पाहिलं असेल. मला आता त्याची भीती वाटत नव्हती, असं म्हणणं खोटं होईल. भीती होतीच. पण खिडकीशी बसून अभ्यास करताना कधीकधी मी पडदा उघडा ठेवायचे.

त्याच उन्हाळ्यात एकदा अंगणात कावळा उतरला आणि मावशी उठल्या. मी त्यांना सहज म्हटलं की आमच्याकडे माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी भाताचा पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला म्हणजे गेलेला माणूस तृप्त आहे. माझ्या वडिलांच्या वेळी लगेच शिवला. मावशी दाराच्या चौकटीत थांबल्या. चौकटीत उभं राहिलेलं मी त्यांना तेवढंच एकदा पाहिलं.

"आणि नाही शिवला तर?"

मी म्हटलं, मग घरचे लोक त्या माणसाची राहिलेली इच्छा आठवतात. मोठ्याने म्हणतात, मुलीचं लग्न करू, कर्ज फेडू, भावाला सांभाळू. बरोबर इच्छा बोलली गेली की कावळा येतो.

त्या परत येऊन खुर्चीवर बसल्या. कावळा कुंपणावर होता. मग त्यांनी मला त्या शिपायाचं सांगितलं, जो रोज सकाळी खंदकातून हात बाहेर काढून एका कावळ्याला पाव घालायचा. चार दिवस मावशींनी त्याला सोडलं. पाचव्या दिवशी नाही सोडलं. पुढे सहा दिवस तो कावळा त्याच वेळी, त्याच जागी येत राहिला. पाव नसायचा. तो थोडा वेळ बसायचा आणि मग मावशींच्या दिशेने बघायचा. तीनशे पावलांवरून, पांढऱ्यावर पांढऱ्या असलेल्या त्यांच्याकडे. शत्रूच्या फौजेतल्या कोणालाही त्या तिथे दिसल्या नव्हत्या.

"त्याला माहीत होतं," त्या म्हणाल्या. मग कुंपणाकडे बघत म्हणाल्या, "नीनाची इच्छा कोणी बोललं नसेल. ती कशी मेली हेच घरी कोणाला माहीत नसेल."

पण पत्र लिहायला त्यांना त्यानंतर तीन वर्षं लागली. परदेशातून पत्र आलं तर तिकडे घरच्यांना त्रास होतो, असं त्या म्हणायच्या. मग तिकडचे वारे बदलले. त्यांच्या रशियन चर्चमधल्या बायकांना तिकडून पत्रं यायला लागली, तेव्हा मावशींनी ठरवलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून त्या आठवडाभर ते एक पत्र लिहीत होत्या. चाळीस वर्षांत आपल्या लिपीत काही लिहिलं नव्हतं, अक्षरं आठवावी लागत होती. नीनाच्या घरचा पत्ता, घरात कोण असेल ते ठाऊक नाही. खरं तेच लिहिलं, असं त्यांनी मला सांगितलं. मोज्यांचंही लिहिलं.

पाच महिन्यांनी उत्तर आलं. नीनाच्या धाकट्या बहिणीचं. मावशी गाव सोडून गेल्या तेव्हा ती सहा वर्षांची होती. मावशींनी मला समोर बसवून एकेक वाक्य मोडक्या इंग्रजीत वाचून दाखवलं.

आई वारून बरीच वर्षं झाली, असं तिने लिहिलं होतं. गावात शाळेसमोर एक दगड उभारला आहे, लढाईत गेलेल्यांची नावं त्यावर कोरली आहेत. तुम्ही दोघी एका गाडीतून गेलात म्हणून तुमची नावंही एकाखाली एक कोरली. तुझंही नाव आहे. आम्ही दरवर्षी फुलं ठेवतो, आणि आई असेपर्यंत दोन सारखे गुच्छ करायला लावायची, एकीला कमी एकीला जास्त नको म्हणायची. तू लिहिलंस ते आईला कळलं असतं तर काय झालं असतं, मला सांगता येत नाही. ती नेहमी म्हणायची, दोघी बरोबर होत्या एवढं तरी बरं. आता पंचायतीचा माणूस म्हणतो की तू जिवंत आहेस तर तुझं नाव तासून काढावं लागेल. काय करायचं ते कळव.

पत्राबरोबर त्या दगडाचा एक काळापांढरा फोटो होता. मावशींनी बोट न लावता मला दोन ओळी दाखवल्या. मला ती लिपी वाचता येत नव्हती. दोन ओळी सारख्या खोल कोरलेल्या होत्या, एवढंच दिसत होतं.

त्यांनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. चार ओळींचं. मी काय लिहिलं म्हणून विचारलं.

"लिहिलं, नाव काढू नका," मावशी म्हणाल्या. "गावातून निघालेली ती मुलगी तिथेच आहे, नीनाजवळ. नीनाने उठताना माझं नाव घेतलं असतं तर मी मान वळवली असती. आता मी तिच्या शेजारी आहे तर असू दे." पाकीट चिकटवून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "मी कोण आहे ते मी बघून घेईन."

माझी पीएचडी झाली आणि मी नोकरीसाठी टेक्सासमध्ये प्लेनोला गेले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, दशक संपता संपता, लाँड्रीवालीचा फोन आला. मावशी खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या होत्या. शिवायचे कपडे न्यायला आलेली ती बाई अर्धा तास त्यांच्यासमोर बसून होती. त्या नेहमीसारख्या स्वस्थ बसल्या आहेत असंच तिला वाटलं होतं.

मला जायला जमलं ते दीड महिन्याने. शैला मला दफनभूमीत घेऊन गेली. नवऱ्याच्या शेजारी त्यांना ठेवलं होतं. एकच मोठा दगड, डाव्या अर्ध्यावर नवऱ्याचं नाव, उजवा अर्धा गुळगुळीत, कोरा. गवत कापणारा एक माणूस आमच्याकडे आला. त्याने मी नातेवाईक का म्हणून विचारलं. मी भाची असल्याचं सांगितलं. तो म्हणाला की बाईंनी ही जागा कोरीच ठेवा असं लिहून दिलं होतं, पण म्हाताऱ्या माणसांच्या मनात काहीतरी येतं, तुम्हाला नाव कोरून घ्यायचं असेल तर ऑफिसात सांगा, लगेच होईल.

शैला माझ्याकडे बघत होती. मी त्या माणसाला म्हटलं, नको. त्यांचं नाव दुसरीकडे कोरलेलं आहे.